काचवाला दादा आणि सरळ रस्ता

माझा थोरला भाऊ काचवाला. खिडक्यांच्या काचा कापून बसवणं हे त्याचं काम. दुकान म्हणजे एकच खोली. भिंतीला टेकवून उभ्या काचा, मधे जाड गोधडी अंथरलेलं टेबल. गिऱ्हाइकाकडे काच न्यायची ती तीनचाकी टेम्पोतून, लाकडी चौकटीत उभी करून. आमच्या शहरातल्या रस्त्यांवरून अंडंसुद्धा धड पोचायचं नाही, पण दादाची काच पोचते. खड्डा दिसायच्या आधीच त्याचे हात वळलेले असतात.

"रस्ते खराब आहेत म्हणून तर लोक हळू जातात," तो म्हणतो. "चालता चालता चार शब्द बोलतात तरी!"

वहिनीला हे मुळीच पटायचं नाही. "तुम्ही बसा बोलत. इथे धूळ पुसून पुसून माझी कंबर मोडायची वेळ आली!" नळाला पाणी कधी येईल आणि वीज कधी जाईल, याचाही नेम नव्हता. त्यात माझ्या भाचीनं, दादाच्या लेकीनं, टुमणं लावलं, की दुकान विका आणि कायमचे आमच्याकडे या. तिचं शहर नवंकोरं. इकडे दुकानाला गिऱ्हाईकही मिळालं.

दादानं वहिनीला कधी नाही म्हटलेलं नाही. "आधी महिनाभर राहून येऊ. मग तू म्हणशील तसं," एवढंच बोलला. पण निघायच्या आदल्या दिवशी दुकानातली एकेक काच पुसत बसला. मी देवापुढे हात जोडले. दादा इथंच राहू दे, असं ओठांवर आलं होतं. मग वहिनीची कंबर आठवली आणि म्हटलं, दोघांना सुख लागेल तसं कर.

तिथे काय झालं ते वहिनीनंच मला सांगितलं. जावयानं हौसेनं आपल्या गाडीची किल्ली दादाच्या हातात दिली. शेजारी वहिनी, मागे भाची. रस्ता कसा, लोण्यासारखा. थोडं पुढे जातात न जातात तोच पोलिसानं गाडी बाजूला घ्यायला लावली.

"काका, किती घेतलीय?"

"काय घेतलीय?"

"मोकळ्या रस्त्यावर नागमोडी चाललाय, म्हणून विचारतो."

दादा ओशाळला. हात आपले सवयीनं खड्डे चुकवत होते, नसलेले!

"बाई, तुम्ही शेजारी बसलाय. तुम्हाला तरी कळू नये?"

"मला तर काहीच वेगळं वाटलं नाही," वहिनी म्हणाली. खरंच होतं ते. प्रत्येक वळणाला तीही दादाबरोबर झुकत होती. मागे भाची हसून हसून लोळायची राहिली होती.

पोलिसानं गाव विचारलं. दादानं सांगितलं. तशी त्यानं फुंकायला लावायचं यंत्र खिशात घातलं. "मग आधी सांगायचं ना! माझी सासुरवाडी तिथलीच. जा, सावकाश जा."

महिना संपवून दोघं परतली. स्टँडवरून टेम्पोनंच घरी निघाली. एरवी वहिनी धुळीपायी नाकातोंडावर पदर घेऊन, डोळे मिटून बसते. त्या दिवशी मांडीवर भाचीनं दिलेलं सामान होतं, दोन्ही हात अडकलेले. पुलावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली. समोरच्या जुन्या इमारतीवर ऊन उतरलं होतं आणि तिच्या सगळ्या खिडक्या पेटल्यासारख्या चमकत होत्या. मधेच एक हिरवी.

"अहो, ती हिरवी कशी?"

"ती माझी चूक. साध्याऐवजी रंगीत काच बसवून आलो. बदलायला गेलो तर तिथल्या आजी म्हणाल्या, राहू दे रे, दाराशी झाड असल्यासारखं वाटतं."

"आणि बाकीच्या?"

"बऱ्याचशा माझ्याच."

"एवढी वर्षं दाखवलं नाहीत ते!"

"तू डोळे कुठे उघडतेस?"

मी त्यांच्या घरी चहा टाकून वाट बघत होते. वहिनी आली ती पिशव्या खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "त्या गिऱ्हाइकाला कळवा, दुकान द्यायचं नाही."

"अगं, पण तुझी कंबर?" दादानं विचारलं.

"कंबर काय, तिथेही दुखतच होती. आणि हे बघा, अख्ख्या शहराला काचा बसवल्यात. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला मात्र पुठ्ठा! त्याचं काय ते आधी बघा."

दादा चहा तसाच ठेवून माप घ्यायला उठला. मी मनातल्या मनात देवाला नमस्कार केला.

आता वहिनी ती काच रोज पुसते आणि पुसताना शहराच्या नावानं रोज बोटं मोडते. मी गेले की मात्र मला तिथेच बसवते. "बस इथे," म्हणते, "उन्हं उतरायची वेळ झालीय."