जुळ्यातली कालवड

माझी आई बैलांचा बाप शोधायची. हे मी शाळेत सांगितलं तेव्हा वर्ग खिदळला आणि बाईंनी मलाच बाकावर उभं केलं. पण काम तेच होतं. डीएनए हा शब्द पेपरात यायच्या कितीतरी आधी, जनावरांचे रक्तगट तपासून एखादं वासरू खरंच सांगितलेल्या वळूचं आहे की मालक थापा मारतोय, हे ती ठरवायची. एका गाईचं रक्त दुसरीला टोचायचं, दुसरीच्या अंगात त्याविरुद्ध जे तयार होतं ते सिरम काढून जपायचं आणि त्यावर बाकीची जनावरं पारखायची. ही सिरमं तिने एकेक करून स्वतः तयार केली. आपल्याकडे तेव्हा या कामात जवळपास कुणी नव्हतं, बाई तर नव्हतीच.

ती अक्कलकोटकडची. घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि रागावली की दोन्ही. पशुवैद्यकीच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. पुढे परदेशात शिकून आली, मोठ्या शहरातली नोकरी चालून आली, तरी ती सोलापुरातच राहिली. खिलार जनावर इथलं, मग मी तिकडे कुणाचं रक्त तपासू, असं ती विचारायची. वडिलांची बदली दर काही वर्षांनी व्हायची, ते एकटेच जायचे. नातेवाइकांनी यावर बरंच तोंडसुख घेतलं. आईने ते कानाआड केलं.

माढा, मोडनिंब, करकंब, सगळा भाग तिने जीपमधून पालथा घातला. बैलाच्या मानेची शीर धरून रक्त काढायचं म्हटलं की मालकाचा चेहरा उतरायचा. रक्त काढून झालं की घरातली बाई येऊन त्या जागेवर हळद दाबायची आणि बैलाला गूळ चारायची. आईला ते पटलं. मग तिच्याच पिशवीत सुयांच्या डब्याशेजारी हळदीची डबी आणि गूळ आला. सोमवारी मात्र ती कुणाच्या गोठ्यात जायची नाही. आमच्याकडे सोमवारी बैल जुंपत नाहीत, त्या दिवशी त्याच्या अंगाला सुई लावणं तिच्याच जिवावर यायचं.

म्हणून सोमवारी ती प्रयोगशाळेत सापडायची, आणि शाळा सुटल्यावर मी तिथे जायचे. कधीकधी ती मला जवळ घ्यायची, बोट पुसायची आणि टोचायची. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर माझ्या रक्ताचा थेंब, त्यात माणसांचे गट ओळखायच्या सिरमचा थेंब, काडीने ढवळायचं. मग ती सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची. मी काही बोलले की "सुम्न कूडु", म्हणजे गप्प बस. मी बोटावर हळद मागायचे आणि गूळही. बैलाला मिळतो तर मला का नाही, हा माझा हिशेब होता. ती हसून द्यायची. मला ते लाड वाटायचे. शाळेतल्या बाकीच्या मुलींची बोटं त्यांच्या आया टोचत नाहीत, हे कळायला मला बराच वेळ लागला.

मी जुळ्यातली. माझ्याबरोबर एक भाऊ होता, तो जन्मतःच गेलेला होता. हे मला माहीत होतं, पण ते घरात उंचावर ठेवलेल्या एखाद्या डब्यासारखं होतं. आहे हे ठाऊक, काढायचं कुणी नाही.

सातवीच्या सुट्टीत आईने मला माढ्याजवळच्या एका वस्तीवर बरोबर नेलं. तिथल्या गाईला जुळं झालं होतं, एक खोंड आणि एक कालवड. कालवड दिसायला देखणी होती, डोळे काजळ घातल्यागत. मालक मात्र तिच्याकडे बघतही नव्हता.

"जुळ्यातली हाय की, डॉक्टरीणबाई. खोंडासंगं झालेली कालवड गाबण राहत न्हाय. बाजार दावणार हिला."

"लगेच नको. रक्त बघू," आई म्हणाली. "एखादी सुटते यातनं."

"रगतात काय दिसतंय?"

आईने त्याला समजावलं. गाईच्या पोटात जुळ्यांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि एकाचं रक्त दुसऱ्यात जातं. भावाच्या रक्तासोबत जे येतं त्याने कालवडीची पिशवी वाढत नाही. पण ते रक्त मात्र तिच्यात राहतं, जन्मभर. तपासलं तर दोन जनावरांचं रक्त एकीच्या अंगात दिसतं.

मालक थोडा वेळ कालवडीकडे बघत राहिला. "म्हंजे ह्यो मेला तरी हिच्यात ऱ्हाणार म्हणा."

"व्हय," आई म्हणाली आणि सुया काढायला लागली. तिचा चेहरा मी पाहिला. मग मी स्वतःच्या बोटाकडे बघितलं.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "माझं बोट तू यासाठी टोचतेस?"

"हो."

"मग मला पण मुलं होणार नाहीत?"

तेव्हा ती इतकी हसली की ड्रायव्हरने मागे वळून बघितलं. माणसांत तसं होत नाही, असं तिने सांगितलं. रक्त मिसळणंही माणसांत फारच क्वचित. पण झालं असेल, तर सिरम घातल्यावर माझ्या रक्ताच्या सगळ्या गुठळ्या होतील आणि काही पेशी मोकळ्या फिरत राहतील. त्या त्याच्या. अर्थात त्याचा गट माझ्यापेक्षा वेगळा असला तर.

"त्याचा गट कुठला होता?"

ती बाहेर बघत म्हणाली, "घेतलाच नाही कुणी. जिल्ह्यातल्या बैलांचं रक्त आहे माझ्याकडे. त्याचा थेंब नाही."

कालवडीच्या रक्तात भाऊ सापडला. माझ्यात कधीच सापडला नाही.

यानंतर मी बोट द्यायला नकार दिला, आणि तिनेही मागितलं नाही. मी रागात होते. आई माझ्या अंगात डोकावते ती दुसऱ्याच कुणासाठी, हे मला सहन होत नव्हतं. पण त्याहून वाईट म्हणजे, मलाही तो माझ्यात असायला हवा होता. थोडासा, चार पेशी. तिला देता आला असता.

पुढे डीएनए आलं. आईची सिरमं जुनी ठरली, प्रयोगशाळा बंद झाली. तिने कुरकुर केली नाही. बरोबरच आहे, जास्त नेमकं आहे, असं ती म्हणायची, आणि मग दिवसभर कुणाशी बोलायची नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी फोनवर एक लेख वाचला. बाळाच्या काही पेशी आईच्या अंगात जातात आणि कित्येक वर्षं तिथे राहतात. म्हाताऱ्या बायकांच्या अंगातही मुलग्यांच्या पेशी सापडल्या आहेत. आई तेव्हा अंथरुणालाच खिळलेली होती, पण डोकं शाबूत होतं. मी तिच्याजवळ बसून सगळं वाचून दाखवलं.

"तू माझ्यात शोधत होतीस," मी म्हटलं. "तो तुझ्यातच असेल."

"असेल. नसेलही. तपासल्याशिवाय सांगता येत नाही," तिच्यातली शास्त्रज्ञ म्हणाली. मग आई म्हणाली, "तसं असेल तर तूही आहेस की आत. दोघं भांडत असाल."

तिने माझा हात धरला आणि उलटा करून बोटांकडे बघत राहिली. मी तिला बघू दिलं.

पावसाळा संपता संपता ती गेली. आमच्यात दहन नसतं, माती देतात. तिला खड्ड्यात मांडी घालून बसवलं, कपाळाला विभूती लावली, बेल वाहिला. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. लांबची एक मावशी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, वय झालं होतं गं, समाधानाने गेली, इतकं रडायचं नाही. तिचं बरोबरच होतं. आईसाठी मी तयार होते. पण या पन्नाशीत, आयुष्यात पहिल्यांदा, तिच्याबरोबर माझा भाऊ गेला होता, आणि ते मी तिथे कुणाला सांगणार.