लाल बंगला आणि सरकारी रेडा

"शिवलं तर जाळायचं, नाही शिवलं तर जेवायचं." जयतू भुंजियाचं सगळं शास्त्र एवढ्यात मावायचं. त्याच्या घरापासून सुटी उभी असलेली रांधायची झोपडी म्हणजे लाल बंगला. लाल मातीनं सारवलेल्या चार भिंती, वर गवत, पण मान बंगल्याचा. परक्याचा हात लागला की पेटवायचा आणि नवा बांधायचा. सासरी गेलेली पोरगीही परकीच. फुलमत माहेरी आली की अंगणात पान मांडून जेवायची आणि जयतू मान वळवून बसायचा.

उदंतीच्या रानात जंगली म्हशींचं बीज संपत आलेलं. उरलेला एक रेडा सरकारनं तारेच्या कुंपणात जपला होता. गावठी म्हशीचा वाराही त्याला लागू द्यायचा नाही, असा हुकूम. माघात त्यानं कुंपण आडवं केलं आणि थेट जयतूच्या अंगणात, कबरीपाशी येऊन उभा राहिला. कबरी म्हणजे जयतूची एकुलती म्हैस.

दुसऱ्या दिवशी रानाचे साहेब जीप घेऊन हजर.

"रक्त बाटतं रे! ही म्हैस रानाबाहेर न्यायची. आजच."

"बाटतं, खरं आहे," जयतू म्हणाला. साहेब आपल्याच जातीचा निघाला, असं त्याला वाटून गेलं. पण कबरीकडे पाहिलं आणि तो तिच्यापुढं आडवा उभा राहिला.

साहेब उन्हानं दमले होते. त्यांनी लाल भिंतीला हात टेकला.

माहेरी आलेली फुलमत अंगणात उठून उभी राहिली आणि तिच्या आईच्या, सोनायच्या, हातातलं सूप तसंच राहिलं. जयतूनं आतून निखारा आणला आणि छपराला लावला.

"अरे, वेडा झालास? नुसता हात तर लागला!"

"आमच्यात तेवढं पुरतं. तुमच्यात बाटलेल्याचं काय करतात, साहेब? रेडा तर कालपासून इथंच आहे. पेटवायचा का?"

धूर पसरला. रेडा कबरीला आणखीच चिकटला आणि दोर घेऊन आलेले रखवालदार जीपमागे गेले. साहेबांनी घाम पुसला.

"म्हैस पुढं चालली, तर हा मागं येईल?"

"येईल. पण ती माझ्याबरोबर जाते आणि माझ्याबरोबरच परत येते."

"बरं बाबा. राहू दे तुझी म्हैस तुझ्याकडे."

जयतू गालात हसला. तेवढ्यात सोनाय कडाडली, "हसतोस काय? त्यानं रेडा कुंपणात घातला, तू लेक कुंपणाबाहेर! नव्या बंगल्याची माती फुलमत मळेल. नाहीतर चूल पेटवायला तूच बस."

जयतूनं मान वळवली, या वेळी फुलमतकडे. मग कबरीच्या पाठीवर थाप मारून तो कुंपणाकडे चालू लागला. मागं कबरी, तिच्यामागं सरकारचा शुद्ध रेडा आणि बऱ्याच अंतरावर पायी साहेब. सोनाय राखेपाशी उभी राहून पाहत होती. फुलमत अंगणातून पाहत होती.