गोरक्षाची जागच्या जागी चालणारी सायकल

गोरक्षाची आणि सायकल ट्रॅकची पहिली भेट झाली तेव्हा नगरची सगळी वाहतूक थांबली, कुत्री भुंकायची राहिली आणि चौकातल्या भेळवाल्याच्या हातातला कांदा आपोआप चिरला गेला, असं गोरक्ष शपथेवर सांगायचा. हिरवा रंग, कडेला गवताचा पट्टा, मधोमध सायकलचं पांढरं चित्र! मुलगी बघायला गेलेल्या नवरदेवासारखा तो मान खाली घालून लाजत उभा राहिला. मग चपला काढल्या आणि चित्रावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून पलीकडे गेला.

हे सरकारनं आपल्यासाठीच केलंय, अशी त्याची समजूत झाली होती.

गोरक्ष मूळचा तिसगावचा. बाप ऊसतोडीच्या कोयत्यांना धार लावायचा. पोरगा शहरात येऊन सुऱ्या, विळ्या, कात्र्यांवर आला. सायकल हाच त्याचा कारखाना. ती स्टँडवर चढवायची, मागच्या चाकाचा पट्टा धारेच्या दगडाला जोडायचा आणि पायडल मारत बसायचं. तीस वर्षांत जागच्या जागी त्याची एक पृथ्वीप्रदक्षिणा सहज झाली असेल. पोटऱ्या पैलवानाच्या, वरचं अंग मात्र उपाशी मास्तराचं.

गोरक्षानं धंदा ट्रॅकवरच मांडला. तिथं दुसरी सायकल कधी आलीच नाही. मोटारी आल्या. दोन चाकं गवतावर, दोन ट्रॅकवर, अशा म्हशींसारख्या पसरल्या. आधी गवत मेलं, मग गोरक्षाचा धंदा. गिऱ्हाइकाला त्याच्यापर्यंत आडवं होऊन यावं लागे. अंगानं भरलेल्या सविताताई एकदा दोन गाड्यांच्या मध्ये विळीसकट अडकल्या. सुटल्यावर त्यांनी विळीच सोडून दिली.

गोरक्षानं कचेरीत अर्ज दिले. एक नाही, सात. सातव्यानंतर खरोखरच गाड्या उचलणारा ट्रक आला, आणि तो नेमका खंडेनवमीला.

त्या दिवशी हत्यारांची पूजा. हत्यार वापरायचं नाही. गोरक्षानं धंद्याच्या जागी सायकल उभी केली होती, धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून.

ट्रकवरचे मुकादम आबासाहेब मोटारींकडे वळले. नऊ मोटारी होत्या, नऊ मालक बाहेर आले, नवांनी वरती फोन लावून तो आबासाहेबांच्या कानाला दिला. नवव्या फोनपर्यंत कान लालभडक झाला. पण ट्रक रिकामा कसा न्यायचा?

"ही सायकल कुनाची?"

"माझीच की, आबासाहेब. अर्ज बी म्याच दिल्ते."

"ट्रॅकवर उभी हाय."

"सायकलीचाच ट्रॅक हाय न्हवं?"

"चालत्या सायकलीचा! उभं दिसंल ते उचला, असं तूच लिव्हलंय."

"आवं, ती अशीच चालती. उभ्या उभ्या."

आबासाहेबांना दया आली. "बरं, चार पायडल मार. दगड फिरला, की चालू हाय असं लिवतो आन् जातो."

गोरक्षानं माळेकडं पाहिलं. "आज न्हाई जमायचं. आज तिची सुट्टी हाय."

"अरे, मार की चार पायडल!" वरच्या गॅलरीतून रोहिणीबाई ओरडल्या. "मोठा आलाय देवभोळा!"

नऊ मालक हसले. एकानं मोबाईलवर चित्रण सुरू केलं.

"बापानं मरेस्तोवर आजच्या दिवशी कोयत्याला हात लावला न्हाई," गोरक्ष म्हणाला. "मी न्हाई लावायचो."

सायकल माळेसकट ट्रकवर चढली. ट्रक कोपऱ्यावर वळायच्या आत तिच्या जागी दहावी मोटार लागली.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी गोरक्ष कचेरीत गेला, तर तिथं सायकलीचे कागद मागितले. सायकलीला कागद असतात हे त्याला ठाऊक नव्हतं. कचेरीलाही नव्हतं, पण मागायची पद्धत होती. तो चार महिने खेटे घालत राहिला.

फेब्रुवारीत सायकल भंगारात गेली. गोरक्ष आता एका मंगल कार्यालयात पंगतीला पाणी वाढतो.