शेजारच्या चावीने

भोईर मॅडमना हिरव्या रंगाचा राग यायचा. आमच्या टेस्टिंगच्या टूलमधून रिक्वेस्ट पाठवली आणि सर्व्हरने नीट उत्तर दिलं की कोपऱ्यात हिरवा आकडा उमटतो. बाकी ऑफिस खूश व्हायचं. बाई मात्र खेकसायच्या, "नाचू नका रे! शेवाळसुद्धा हिरवंच असतं."

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये जीन्सच्या दुकानाच्या वर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. मॅडम मोरिवलीच्या. घर कारखान्याच्या भिंतीला लागून. "केमिकलच्या वासात वाढलेय मी, माझं नाक फसत नाही," म्हणायच्या. मला शिव्या घालायच्या आणि डब्यातली सुकटही आधी मलाच वाढायच्या.

लॉगिन केलं की सर्व्हर आपल्याला एक टोकन देतो. ती आपली चावी, पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टबरोबर ती दाखवायची. आमच्या ऑफिसात एक घाणेरडी सवय होती. मालक निमकर सरांचं ॲडमिनचं टोकन सगळ्यांनी आपापल्या टूलमध्ये कायमचं चिकटवून ठेवलेलं. मालकाच्या चावीला कुठलं कुलूप अडणार? जिकडेतिकडे हिरवंगार! मॅडम पहिल्यांदा ते टोकन उडवायच्या. "मालकाच्या चावीने दार उघडलं, यात कसला पराक्रम? शेजारच्या चावीने उघडतं का, ते बघा."

बदलापूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबचं ॲप आमच्याकडे आलं. पेशंटने आपला रिपोर्ट मोबाईलवर बघायचा, एवढंच काम. लॅबने खरे रिपोर्ट आधीच चढवले होते आणि सोमवारी ॲप लोकांसाठी उघडणार होतं. मॅडमनी दोन खोटे पेशंट तयार केले. एकाचं टोकन लावलं आणि दुसऱ्याच्या रिपोर्टचा नंबर टाकला. सर्व्हरने 'तुझा हक्क नाही' म्हणून हाकलून द्यायला हवं होतं. त्याने रिपोर्ट काढून हातात दिला.

निमकर सर हसले. "अरे मॅडम, डमी डेटामें कुछ भी होता है. कोण बसणार आहे नंबर बदलत? सोमवारी लाँच आहे, नाट लावू नका."

"कोण बसणार? अर्धं बदलापूर बसेल! लग्न जमवताना लोक मुलीची चपलेपासून चौकशी करतात, रिपोर्ट सोडतील?"

"खऱ्या डेटावर दाखवा, मग मानतो."

"परक्याचा रिपोर्ट मी उघडणार नाही," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "नितीन, तू शुगर तपासली होतीस ना तिथे? तुझ्या नावाने लॉगिन कर. मी सांगते तो नंबर टाक."

मी टाकला. हिरवा आकडा आला. भिंतीवरच्या स्क्रीनवर नाव उमटलं, भोईर मॅडमचं. छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. खाली निदान होतं, कर्करोग. आम्हा कुणाला काही माहीत नव्हतं.

"वाचलंत सगळ्यांनी?" आवाज जरासुद्धा हलला नाही बाईंचा. "सोमवारपासून कुणालाही वाचता येईल. भोक बुजवा."

आणि निमकर सर काय म्हणाले असतील? आवाज मऊ करून म्हणाले, "अरेरे, मॅडम, पहिलं सांगायचं ना! उद्यापासून आराम करा तुम्ही. टेन्शन बिलकूल घेऊ नका." मग मला म्हणाले, "नितीन, तू टेस्टिंग पास करून टाक." भोकाबद्दल अक्षर नाही! मी सरळ नाही म्हटलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली होती.

मॅडमनी आराम केला नाही. दुसऱ्या दिवशी लॅब गाठली, पेशंटच्या रांगेत बसल्या आणि नंबर आल्यावर लॅबच्या डॉक्टरांना तोच खेळ करून दाखवला. डॉक्टरांनी लाँच थांबवलं. मग आमच्याकडे धावाधाव झाली. भोक बुजवायला एक दुपार पुरली. एक दुपार! तेवढ्यासाठी त्या बाईला आपलं दुखणं भिंतीवर लावावं लागलं. आजही आठवलं की माझं टाळकं सरकतं.

सरांनी त्यांना परत बोलावलंच नाही. मी फोन करायचो तेव्हा केमोने घसा सुकलेला असायचा, तरी पहिला प्रश्न ठरलेला, "शेजारच्या चावीने बघतोस ना रे?" आता मी बघतो, आणि न बघणाऱ्यावर खेकसतोही.

पुढच्या दिवाळीआधी मॅडम गेल्या. दहाव्याला मोरिवलीला निमकर सरही आले होते. चहाचा कप हातात घेऊन मॅडमच्या यजमानांना सांगत होते, "फार हुशार बाई हो. फक्त आजारपणामुळे शेवटी शेवटी चिडचिड वाढली होती."

माझा तोल गेला. "आजारपणामुळे नाही, सर. त्यांनी स्वतःचा रिपोर्ट तुमच्यासमोर उघडा केला. तुम्ही रिपोर्ट बघितलात, भोक बघितलं नाहीत. तुमच्यामुळे चिडल्या होत्या त्या!"

मला वाटलं, आता यजमान मलाच आवरतील. ते उठले, पुढे आले आणि सरांच्या हातातला चहाचा कप काढून घेतला.