डंबेल धरून उठताना

"मावशी, लंबर स्पॉन्डिलोसिस आहे," एक्स-रे उजेडाकडे धरून डॉक्टर म्हणाले. म्हणजे कमरेचे मणके झिजलेत. ऑपरेशन लागणार नव्हतं, पण पोट-पाठीत ताकद उरली नाही म्हणाले. "बरोबर कोण आलंय?" हेही त्यांनी विचारलं. मी पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट करत बसले.

सुरतेत नवागामला माझी एक खोली आहे. जमिनीवर बसून साड्यांना स्टोन चिकटवते. यजमान गेल्यापासून एकटीच असते.

त्याच सुमारास एका संध्याकाळी काम आटोपलं आणि मला उठताच येईना. शेजारीण येईपर्यंत तशीच बसून राहिले. हे कामरेजला राहणाऱ्या माझ्या मुलाच्या कानावर गेलं. तो म्हणाला, "आई, खोली सोड. जमिनीवरून उठता येत नाही, एकटी राहशील कशी?"

बोलणं खोटं नव्हतं. पण त्याच्या घरी सून-नातवंडं भराभर गुजरातीत बोलतात आणि मी नुसती तोंडाकडे बघत बसते. शिवाय खोली गेली की माझं असं काय उरणार? दिवाळीपर्यंत थांब म्हटलं त्याला.

मग फिजिओथेरपी सुरू झाली, म्हणजे व्यायामाचे उपचार. बाकावर बाकीच्यांच्या पिशव्या सांभाळायला कुणीतरी असायचं. माझी पिशवी माझ्याच मांडीवर.

आधी साधे व्यायाम झाले. नंतर फिजिओ पोरीने हातात किलोभराचं डंबेल दिलं. या वयात पैलवानकी! मला हसूच फुटलं. उताणं झोपायचं, डंबेल छताकडे धरायचं, एक गुडघा दुमडायचा. दुसऱ्या हाताच्या कोपरावर यायचं, मग तळव्यावर, मग गुडघ्यावर, मग उभं. डंबेलचा हात खाली आणायचा नाही. यात कोअर, म्हणजे पोट-पाठीचे स्नायू, घट्ट होतात आणि सांधे मोकळे होतात.

मी अर्ध्यावर आले की डोळ्यांपुढे अंधारी यायची.

"मासी, श्वास केम रोको छो?" ती म्हणाली.

श्वास का रोखते, हे मलाही तेव्हाच उमगलं. स्टोन मोहरीएवढा. चिमट्याने ठेवताना श्वास सोडला की तो उडालाच. स्टोन चिकटवणाऱ्या आम्हा बायकांच्या अंगातच मुरलंय ते.

"बोलत बोलत उठा," ती म्हणाली. "बोललं की श्वास चालतो."

तिथे तिच्याशी बोलायचे. सरावासाठी डंबेल घरी आणलं होतं, पण घरी कुणाशी बोलू? भाज्यांची नावं घेतली, देवाची घेतली. चार नावांनंतर तोंड मिटायचं आणि मी मधेच बसायचे. खूप रडू यायचं. दिवाळी जवळ आली होती.

एका दुपारी यजमानांशीच बोलायला लागले, आमच्या अहिराणीत. ते गेल्यापासून ती जिभेवर आलीच नव्हती.

"आयकतस का? पोरगा फोन करस, पन दोन सबद बोलस नही. तुम्ही गयात, मी आठे एकलीच शे..."

कोपर, तळवा, गुडघा कधी झाले कळलंच नाही. बोलता बोलता मी उभी होते, हात वर.

तुमचीही कंबर अशी धरली असेल तर डॉक्टरांना दाखवा, व्यायाम शिकवणाऱ्यासमोरच सुरू करा आणि तोंड मिटून ठेवू नका. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही.

खोली सोडत नाही, असं त्या दुपारीच मुलाला कळवायचं होतं. पण यजमानांशी बोलणं अर्धंच राहिलं होतं. म्हणून डंबेल घेऊन पुन्हा खाली झोपले.