कोणाच्या कागदावर

ही गोष्ट मी आजवर कोणालाच सांगितलेली नाही. परदेशी जाताना आम्हा नवराबायकोसमोर दोन रस्ते होते, एक तिचा आणि एक माझा. तिच्या रस्त्याबद्दल मी तिला खोटं सांगितलं.

तेव्हा आम्ही यवतमाळला राहत होतो. मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचो. कापसाचा भाव पडला की दिवाळीनंतर माझ्या वर्गातली बाकं रिकामी व्हायची. पोरं गावाकडून परतच यायची नाहीत. बायको दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होती. तापाने सुकलेल्या लेकराची शीर कोणालाच सापडत नसली की तिला बोलावणं यायचं. ती लेकराशी काहीतरी गप्पा मारत दोन बोटांनी मनगट चाचपायची, आणि त्याने रडायचं ठरवेपर्यंत सुई आत गेलेली असायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिचा डबा पोहोचवायला मी मुद्दाम वॉर्डाच्या दारापर्यंत जायचो.

इंग्लंडला नर्सेस हव्या होत्या. नागपूरला मुलाखत झाली, ती निवडली गेली. त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीने मला अमेरिकेला पाठवायची तयारी दाखवली. आता दोघांनी जायचं तर मुख्य अर्ज एकाचा आणि दुसरा त्याच्यावर अवलंबून, असा तो मामला होता. नीट विचारून यावं म्हणून मी नागपूरला व्हिसाचं काम पाहणाऱ्या एका ऑफिसात गेलो. तिला ड्यूटी होती, वॉर्ड भरलेला होता. जाताना म्हणाली, "तुमीच विचारून या. मले त्या बारीक अक्षरातलं काही समजत नाही."

ऑफिसातल्या बाईंनी स्वच्छ मराठीत सांगितलं, "मॅडमच्या अर्जावर गेलात तर तुम्हालाही तिथे नोकरी करता येईल. तुमच्या अर्जावर अमेरिकेला गेलात तर मात्र मॅडमना घरीच बसावं लागेल." आणि वर म्हणाल्या, "मला विचाराल तर प्रश्नच नाही."

प्रश्न खरोखरच नव्हता. पण त्यांनी समोर सरकवलेल्या फॉर्मवर, अवलंबून असणाऱ्याच्या रकान्यात, मला माझं नाव दिसायला लागलं. आमच्या घरात तीन पिढ्या प्रत्येक कागदावर पुरुषांनीच सह्या केल्या. बायकोच्या कागदाला जोडलेला नवरा म्हणून विमानात चढायचं, हे मला गिळवेना. परतीच्या एसटीत कळंब येईपर्यंत माझं वाक्य तयार झालं होतं.

ती ड्यूटीवरून येऊन बादलीतल्या कोमट पाण्यात पाय सोडून बसली होती. "काय म्हन्ले?"

"तुझ्या कागदावर गेलो तर मला तिथे काम करता येत नाही," मी म्हणालो.

"म्हंजे मी कमवाव न तुमी घरी बसान?" ती इतकी हसली की बादलीतलं पाणी फरशीवर सांडलं. "तुमच्या हातच्या पोळ्या खाऊन त्या थंडीत मरून जाईन ना मी!" मग हसणं थांबवून माझ्याकडे पाहत राहिली. "नाही बा. तुमाले करमनार नाही घरात. मानूस खंगून जाते. तुमच्याच कागदावर जाऊ."

माझ्यासाठी म्हणून तिने स्वतःचं काम सोडलं, ते असं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही तिच्या माहेरी, दारव्ह्याजवळच्या खेड्यात गेलो. पुढच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला. भाव येईल म्हणून सासरे थांबले होते. बसायला खाट होती, पण तिच्यावरही कापूस. सगळ्यांचं अंग खाजत होतं आणि सगळे हसत होते.

"मंग जावईबापू, कोनाच्या कागदावर चाल्ले?" सासऱ्यांनी विचारलं.

"यायच्या," तीच म्हणाली. "माह्या कागदावर यायले काम नाही भेटत."

सासऱ्यांनी लेकीच्या हातांकडे पाहिलं. "अन् हिच्या हाताचं काय? येवढं शिकली ते? थोडं थांबून पाहा. काही रस्ता निंगते."

मला भीती वाटली, आता कोणी नागपूरच्या ऑफिसात फोन करून विचारेल. मी त्या ढिगाकडे हात केला आणि म्हणालो, "थांबून काय होतं, ते दिसतंच आहे ना मामाजी."

त्यांनी खाटेवरचा कापूस एका हाताने सारखा केला. "बरोबर हाय," म्हणाले. "थांबू नोका." सासूबाई चहा घेऊन आल्या, आणि बायकोने वडिलांच्या सदऱ्यावरची बोंडाची टरफलं एकेक करून काढली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

अमेरिकेत आम्ही सात वर्षं राहिलो. आमची मुलगी तिथेच झाली. ती वर्षाची असताना तिला रक्त तपासायला नेलं. तिथल्या नर्सने दोनदा सुई टोचली, शीर सापडेना. पोर किंचाळत होती. माझी बायको खुर्चीवर दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून बसली होती. बाहेर आल्यावर लेकीला थोपटत म्हणाली, "एका टोचण्यात झालं असतं माह्याच्यानं. पन व्हिसा तुमचा हाय ना!" आणि हसली. तिचे टोमणे असेच असतात, वर साय धरल्यासारखे. त्या दिवशी मला तोंड उघडायला जागा होती. मी गाडीची किल्ली शोधत राहिलो.

माझे वडील आजारी पडले म्हणून परतलो. इतकी वर्षं वॉर्डापासून दूर राहिल्यावर तिला जुनी जागा कुठून मिळणार? आता कॉलनीतली म्हातारी माणसं रक्तदाब मोजून घ्यायला तिच्याकडे येतात. ती त्यांना रागावते, गोळ्या मोजून देते, चहाही पाजते. सासरे गेले, कापसावरून मारलेल्या त्या टोमण्याबद्दल त्यांची माफी मागायची राहूनच गेली. मागच्या महिन्यात तिच्या बहिणीने विचारलं, "ताई, तू इंग्लंडले काहून नाही गेली वं?" ही पटकन म्हणाली, "यायनं सारं विचारून पाह्यलं होतं. दुसरा इलाजच नव्हता." माझी बाजू ती अशी घेते, आणि मी शेजारी बसून शेंगा फोडत असतो.

हे लिहून झालं आहे, पण तिने अजून वाचलेलं नाही. छापलेल्या कागदावरून तिला कळावं, हे बरं नव्हे. नागपूरच्या बाई जे बोलल्या ते जसंच्या तसं, तिच्यासमोर बसून, मी स्वतः सांगायला हवं; एवढं तरी मी तिचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.