आवाज मारणारे आम्ही तिघं

जुन्या गाडीचा फ्लोअर खरवडला की संध्याकाळपर्यंत दोन घमेली डांबर निघतं आणि एखादा किस्सा निघतो. डांबर भंगारवाला नेत नाही, किस्से तर फुकटातही कोणी नेत नाही. नंदनवनच्या आमच्या गॅरेजात दोन्ही साचत आलेत.

आम्ही तिघं. मालक म्हणजे भाऊ, सत्तरी ओलांडलेले. रफिक पेंटर. आणि मी देविदास, पत्र्याचं काम करणारा, वीस वर्षांपासून भाऊंच्या शिव्या खाणारा. जुन्या गाड्या नव्यासारख्या करायच्या हा धंदा, आणि त्यातलं सगळ्यात घाण काम फ्लोअरचं. आवाज मारायला या गाड्यांच्या पत्र्यावर डांबराचा थर चिकटवलेला असतो, त्यावर नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड. वर्षानुवर्षांनी डांबर तडकतं, खाली पाणी शिरतं, पत्रा सडतो. तो थर काढायचा, पत्रा सांधायचा आणि नवीन काळी चिकट शीट दाबून बसवायची. शीट नीट बसली की गाडीत कोणी हळू बोललं तरी ऐकू येतं.

भाऊंना तेवढंच पाहिजे होतं. मागच्या वर्षी डॉक्टरनं सांगितलं, एक कान गेला, दुसराही चालला. जन्मभर पत्र्यावर हातोडा मारला, दुसरं काय होणार! त्याच आठवड्यात भाऊंनी कोपऱ्यात धूळ खात उभी असलेली स्वतःची गाडी बाहेर ढकलायला लावली.

"दुसरा कान जायच्या आंधी एकडाव गाडी चालवता चालवता हिचं बोलणं ऐकाचं हाय मले."

ही म्हणजे आमच्या काकू. त्या म्हणाल्या, "आता ऐकून कोनता दिवा लावणार हाय?" पण दुसऱ्या दिवशी डब्यात पुरणपोळी आली.

* * *

एका गिऱ्हाइकानं मोबाईलवर पाहून ठेवलं होतं की डांबर बर्फानं काढतात. कडक झालं की हातोडीनं तुकडे पडतात म्हणे. खरं आहे ते, पण तो बर्फ वेगळा असतो, धूर निघणारा. रफिकला कोण सांगणार? भर मे महिन्यात पठ्ठ्यानं गोळेवाल्याकडून साध्या बर्फाची अख्खी लादी आणली आणि फ्लोअरवर ठेवून चहा प्यायला गेला.

परत येतो तर गाडीत घोटाभर पाणी! डांबर जसंच्या तसं.

भाऊ आले, वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आता याच्यात शिंगाडे लाव!"

* * *

दुसरा एक हुशार. आमची शीट नको म्हणाला, गच्ची गळू नये म्हणून लावतात ती डांबरी पट्टी लावा. भाऊंनी हात जोडून सांगितलं, बाप्पा, उन्हाळ्यात पातळ होते ते. ऐकतो कशाला! लावून दिली.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन. दुपारी सासूबाईंना लग्नाला घेऊन गेला होता. सासूबाई उतरल्या, पण अनवाणी. चपला गाडीतच चिकटून राहिल्या! मंडपापर्यंत तापलेल्या रस्त्यावरून उड्या मारत गेल्या म्हणे.

"गाडी एकदम शांत झाली हो भाऊ," तो म्हणाला, "सासूबाई नाही झाल्या!"

* * *

नरखेडकडच्या एका बागाईतदाराची गाडी आली. वडील गेल्यावर शेडमध्ये पडून होती. मागचा नमदा उचलला तर खाली भिजट माती आणि त्यात बोटभर संत्र्याचं रोप! पत्रा सडून भोक पडलेलं, तिथून उजेड येत होता, तिकडे मान करून उभं.

भाऊंनी निरखून पाहिलं आणि बागेतल्या संत्र्याचा हंगाम विचारावा तसं मालकाला विचारलं, "आंबिया बहार हाय का मृगाचा?"

आम्ही पोट धरून हसलो. मालक हसला नाही. म्हणाला, "बाबा गाडी चालवता चालवता संत्रं खात अन् बिया खालीच टाकत. माय लय ओरडे."

प्लास्टिकच्या ग्लासात ते रोप घेऊन तो एसटीनं गेला. गाडी न्यायला आला तेव्हा मी विचारलं, रोप कसं आहे? "नाही जगलं गा," एवढंच म्हणाला. मला उगाच विचारलं असं झालं.

* * *

भाऊंचा कान काय होता ते तुम्हाला सांगायलाच पाहिजे. शीट बसवून झाली की भाऊ फ्लोअरवर वीतवीत अंतरावर बोटाचं पेर आपटत जायचे. भरीव 'थप' आलं तर पास, 'टण' आलं तर उखड!

मी नवीन होतो तेव्हा मागच्या सीटखाली हातभर जागा तशीच सोडली. वर सीट बसवून टाकली. भाऊंनी सीट न काढता वरूनच एक बुक्की मारली. "काढ."

मी म्हटलं, "भाऊ, सीटखाली कोन पाहते?"

"पाहत नाही बे भैताडा, ऐकते!"

त्याच भाऊंनी या दिवाळीच्या आधी एका गाडीचा फ्लोअर ठोकून पाहिला. एकदा, दोनदा, तीनदा. मग आडवे झाले आणि पत्र्याला कान लावून ठोकलं. उठले, कपडे झटकले, म्हणाले, "झ्याक. दे गाडी."

डाव्या बाजूला मी अजून शीट लावलीच नव्हती. लावायला दुपारनंतर बसणार होतो. भाऊ जेवायला गेल्यावर गुपचूप लावली. रफिक शेजारी उभा राहून शीट कापून देत होता.

कानाची मशीन घ्या म्हटलं तर भाऊ भडकले. "मंग गाडी मी तपासली का मशीननं?"

* * *

काकूंचं माहेर उमरेडचं. लग्नानंतर सगळं येणंजाणं भाऊंच्या याच जुन्या गाडीनं. कोळशाचे ट्रक, खड्डे आणि खाली खडखडणारा पत्रा. काकू मागून ओरडून बोलायच्या, भाऊ पुढून नुसते "हाव, हाव" करायचे.

"असंच एकडाव हाव म्हनलं," भाऊ स्वतःच सांगायचे, "अन् हिचा भाऊ शिकाले घरी आला. दोन वर्सं राह्यला. मले वाटे, पाहुना हाय, जाईन उद्या!"

* * *

आमच्याकडे एक रीत आहे, भाऊंनीच घातलेली. जुना थर निघाला, पत्रा सांधून झाला की शीट टाकायच्या आधी गाडी एकदा उघड्या पत्र्यानं रोडवर काढायची. कुठला नट सैल आहे, सायलेन्सर कुठे घासतो, सगळं तेव्हाच कळतं. एकदा शीट बसली की आवाज आतल्या आत दबून राहतो आणि मग गिऱ्हाईक सहा महिन्यांनी शिव्या देत येतो.

भाऊंची गाडी उघड्या पत्र्यावर आली तो दिवस शनिवार. काकू डबा घेऊन आल्या होत्या. भाऊ म्हणाले, "चाल वं, बस." सायलेन्सरनं पत्रा तापतो, काकूंचे पाय भाजतील म्हणून मी खाली सगळीकडे काळं रबराचं मॅटिंग अंथरलं. नुसतं अंथरलं. शीटचा रोल भिंतीशी तसाच उभा होता.

भाऊ स्टेअरिंगवर, शेजारी मी, मागे काकू आणि रफिक. उमरेड रोडला लागलो आणि बापा रे! पत्र्याचा असा कल्लोळ, की रफिकनं कानात बोटं घातली. माझं मलाच ऐकू येईना. भाऊ समोर बघत चालवत होते.

बऱ्याच पुढे जाऊन त्यांनी एका कडुनिंबाखाली गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. वाकून मॅटिंगवर हात फिरवला. डोळे भरून आले होते.

"शीट कवा टाकली गा देविदास? सांगतलं बी नाही मले! काहीच आवाज नाही. अशी गाडी आपल्या हातून आजलोक झाली नाही."

मी तोंड उघडलं. मागून काकूंचा हात माझ्या खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला.

भाऊंनी गाडी सुरू केली. पत्रा पुन्हा खणाणायला लागला. "आता बोल वं," ते म्हणाले. "वरडू नको. हळूच बोल."

काकू पुढे सरकल्या, भाऊंच्या कानाशी तोंड नेलं आणि बोलायला लागल्या. नंदनवन येईपर्यंत बोलत होत्या. मी हातभरावर बसलेलो, एक शब्द कळला नाही. भाऊ मान हलवत होते, मधेच हसतही होते.

गॅरेजमध्ये आल्यावर भाऊ हात धुवायला गेले. रफिकनं विचारलं, "काकी, इतनी देर क्या बोले आप?"

काकूंनी डबा उचलला, पदर नीट केला.

"त्यायले इचार," त्या म्हणाल्या. "त्यायनंच ऐकलं."